बेडी, करार आणि उचल

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावरचे व्याख्यान म्हटले, की श्रोत्यांच्या मनात शिवकाल किंवा पेशवाई उभी राहते. मी निवडलेला विषय मात्र मजुरांच्या इतिहासाचा आहे, आणि तोही सुरू होतो दूरच्या एका बेटावर. माझे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत अधिक झाले. त्यामुळे पंडिती विवेचन माझ्याकडून होणार नाही. पण मजुरीचे हिशेब, कराराचे कागद आणि उचलीच्या वह्या यांच्याशी माझा पुष्कळ वर्षांचा संबंध आहे. या कागदांचे मूळ कोठे, याचा शोध घेता घेता मी मॉरिशसला जाऊन पोचलो; अर्थात जहाजाने नव्हे, ग्रंथालयातून!

बीडच्या माणसाला मॉरिशसशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका शब्दात देता येते: साखर. आपल्या जिल्ह्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ज्या पिकाच्या तोडणीसाठी घरदार सोडतात, त्याच पिकासाठी जगात लाखो माणसे गुलाम झाली. आणि गुलामगिरी कायद्याने संपल्यावर त्याच पिकासाठी हिंदुस्थानातले लाखो मजूर, त्यांत आपले मराठी मजूरही, समुद्रापार नेले गेले.

प्रथम उसाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. ज्वारी कापून खळ्यावर आठ दिवस पडून राहिली तर फारसे बिघडत नाही. कापूस घरात साठवता येतो. ऊस मात्र तोडला, की त्यातली साखर तासातासाने उतरू लागते. तो लगोलग गाळपाला गेलाच पाहिजे. म्हणजे शेतातल्या कोयत्याची गती घाण्याच्या गतीला बांधलेली असते. घाणा थांबला की धन्याचे नुकसान, आणि एक मजूर गैरहजर राहिला की घाणा थांबण्याची भीती. म्हणून उसाच्या धन्याला माणसे नुसती मिळून भागत नाही. हंगामभर ती जागची हलणार नाहीत, अशी व्यवस्था त्याला लागते. ही व्यवस्था कोणकोणत्या उपायांनी केली गेली, तोच आजच्या विषयाचा गाभा आहे.

पहिला उपाय बेडीचा. मॉरिशस बेट आधी फ्रेंचांचे होते. १८१० साली ते इंग्रजांनी जिंकले. तेथले गुलाम मुख्यतः मादागास्कर आणि मोझांबिककडून आणलेले. काही तर हिंदुस्थानातूनही नेलेले. १८२५ साली मॉरिशसच्या साखरेवरची इंग्लंडातली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली गेली, तेव्हापासून बेटावर उसाचे मळे झपाट्याने पसरले. पण त्याच काळात इंग्लंडात गुलामगिरीविरुद्ध चळवळ जोरात होती. १८३३ साली पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी तो मॉरिशसमध्ये अमलात आला.

या कायद्यातली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. गुलामगिरी संपली म्हणून नुकसानभरपाई देण्यात आली, ती मालकांना! साऱ्या साम्राज्यातल्या मालकांसाठी २ कोटी पौंड मंजूर झाले. मॉरिशसमधल्या सुमारे ६६ हजार गुलामांपोटी तेथल्या मालकांच्या पदरात २० लाख पौंडांहून अधिक रक्कम पडली. ज्याची पाठ फुटली त्याला एक पेनीही नाही. उलट, ‘उमेदवारी’ या गोंडस नावाखाली आणखी काही वर्षे त्याच धन्याकडे राबण्याची त्याच्यावर सक्ती झाली. १८३९ साली ही उमेदवारीही संपली, तेव्हा मुक्त झालेल्या बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. कोणी समुद्राकाठी मासेमारी धरली, कोणी जमिनीचा तुकडा कसू लागला, कोणी शहरात कारागिरी करू लागला. ज्या शिवारात चाबूक खाल्ला तेथे पुन्हा मजुरीने जावेसे त्यांना वाटले नाही, यात नवल ते काय?

धन्यांनी दुसरा उपाय आधीच हेरून ठेवला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी, म्हणजे गुलाम मुक्त होण्याच्या तीन महिने अगोदर, ‘अॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले होते. हे गुलाम नव्हते. त्यांच्याशी पाच वर्षांचा करार केलेला होता, दरमहा पगार ठरलेला होता. तेव्हापासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख हिंदी मजूर त्या एका बंदरात उतरले. ज्या धक्क्यावर ते उतरत तो ‘आप्रवासी घाट’ २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला.

ही माणसे मुख्यतः बिहार-संयुक्त प्रांतातली आणि मद्रासकडची. कलकत्ता आणि मद्रास ही त्यांची बंदरे. तिसरे बंदर मुंबई. तेथून गेलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी, तरी ती हजारांनी मोजावी लागते. यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची आणि घाटावरची मराठी माणसे होती. कोकणातली जमीन डोंगराळ, तुकड्यातुकड्यांची. खाणारी तोंडे फार. पोटासाठी मुंबई गाठायची ही तेथली रीतच. मुंबईला गेलेल्या अशा माणसाला कोणी गोड बोलून अधिक पगाराची आशा दाखवली, म्हणजे तो जहाजात चढे. कराराचा कागद त्याला वाचता येत नसे. तो आपल्या हाताची निशाणी करी आणि पाच वर्षांसाठी बांधला जाई. उत्तर हिंदुस्थानी मजुरांनी ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ केले आणि स्वतःला गिरमिटिया म्हणू लागले. आपल्याकडे लाकडाला भोक पाडणाऱ्या हत्याराला गिरमिट म्हणतात. दोन्ही शब्दांचा संबंध नाही. पण त्या कराराने माणसाच्या आयुष्याला जे भोक पाडले ते पाहता हा योगायोगही बोलका वाटतो.

काय होते या करारात? पुरुषाला महिना ५ रुपये, तांदूळ-डाळ-मीठ असा शिधा आणि अंगावर घालायला कपडे. कागदावर वाईट दिसत नाही. खरी मेख होती ती गैरहजेरीच्या कलमात. एक दिवस कामावर आला नाही, की दोन दिवसांचा पगार कापायचा. याला तेथे ‘दुहेरी कपात’ म्हणत. आधी चाल म्हणून चाललेली ही कपात १८४७ साली कायदेशीर झाली. माणूस तापाने फणफणला असो की बायको बाळंत होत असो, दिवस पडला की दोन दिवस गेले. आजारी माणूस महिनाभर राबूनही धन्याचाच देणेकरी निघे. शिवाय काम सोडणे हा दिवाणी तंटा नव्हता, तो फौजदारी गुन्हा होता. त्याला तुरुंग होता.

कराराची मुदत संपलेल्यांचे हाल निराळे. १८६७ च्या कायद्याने अशा जुन्या मजुरांवर छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगण्याची सक्ती केली. तो नसला की पोलीस ‘भटक्या’ म्हणून पकडणार. या जाचातून सुटण्याचा सोपा मार्ग एकच: पुन्हा मळ्यावर जाऊन नवा करार करणे. सुटकेचे दार होते, पण ते उघडत होते पुन्हा त्याच आवारात.

आणि या साऱ्यात मधला माणूस होता सरदार. सरदार म्हणजे टोळीचा मुकादम. तो स्वतः पूर्वी मजूर म्हणूनच आलेला. धनी त्याला गावी पाठवी, तो आपल्या भाऊबंदांना घेऊन येई. त्यांच्यावर देखरेख तोच करी. नडीला पैसेही पुष्कळदा तोच देई. पुढे पुढे तर टोळ्या बाळगून मळ्यांना मजूर पुरवणारे ठेकेदारच निर्माण झाले. म्हणजे मजुराच्या डोळ्यांपुढे रोज दिसणारा शत्रू त्याच्याच जातीचा, त्याच्याच भाषेचा. खरा धनी बंगल्यात, सावलीत.

हे सारे मुकाट्याने सोसले गेले, असे मात्र समजू नये. १८७१ साली आदोल्फ दे प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्या मळा-व्यवस्थापकाच्या साह्याने जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि निशाण्या होत्या! दे प्लेवित्झला मळेवाल्यांनी भर रस्त्यात मारहाण केली, त्याला बेटाबाहेर घालवा म्हणून मागणी केली. पण चौकशी टळली नाही. १८७२ साली शाही आयोग नेमला गेला आणि १८७५ च्या त्याच्या अहवालात मजुरांच्या बहुतेक तक्रारी खऱ्या ठरल्या. १८७८ साली मजुरीचा नवा कायदा आला. युनियन हा शब्दही ज्यांच्या कानावर आला नव्हता, त्या निरक्षर माणसांनी एका कागदावर केलेल्या निशाण्यांचा हा परिणाम. करारावर केलेली निशाणी बांधते आणि एकत्र अर्जावर केलेली निशाणी सोडवते, हा धडा मी आमच्या प्रत्येक मेळाव्यात सांगत असतो.

ही पद्धत बंद पाडण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून मजूर मॉरिशसला गेले, त्याच जिल्ह्यातल्या कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. १९१० साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणून नाताळला मजूर पाठवणे बंद करवले. मार्च १९१२ मध्ये त्यांनी सारी करारबंद मजुरीच बंद करा, असा ठराव मांडला. सभागृहातल्या सर्व हिंदी सभासदांनी त्याला मते दिली, तरी सरकारी बहुमताने तो पडला. पडलेल्या ठरावाचे काम मात्र फुकट गेले नाही. १९१७ साली महायुद्धाच्या काळात मजूर पाठवणे थांबले आणि १९२० साली ही पद्धत निकालात निघाली. गोखले ते पाहायला उरले नव्हते. १९१५ सालीच ते गेले.

आता समुद्र ओलांडून घरी येऊ. गिरमिट बेटांवरच होती असे नाही. हिंदुस्थानात १८५९ चा तेरावा कायदा होता. मजुराने आगाऊ रक्कम घेतली आणि काम केले नाही, तर मॅजिस्ट्रेट त्याला कामावर जाण्याचा हुकूम करी आणि न ऐकल्यास तुरुंगात टाकी. आसामच्या चहामळ्यांवर या कायद्याचा सढळ वापर झाला. तो रद्द करण्याचा निर्णय १९२५ साली झाला. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात कर्जापोटी पिढ्यान्पिढ्या राबणारे ‘भागेला’ मजूर होते, आणि १९३६ साली निजाम सरकारलाही त्यांच्या करारांवर बंधने घालणारा कायदा करावा लागला.

१९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले. काही प्रसंगी संप करणे त्याने गुन्हा ठरत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश असा, की माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजेच गुलामगिरी, आणि संपाचा हक्क हे स्वातंत्र्याचेच दुसरे नाव. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी या विधेयकाविरुद्ध संप केला. मजूर स्वतंत्र आहे की नाही, हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही. त्याला पगार किती, हा पुढचा प्रश्न. आधीचा प्रश्न असा: त्याला काम सोडून जाता येते काय?

ही कसोटी घेऊन आपण आपल्या जिल्ह्याकडे पाहू. बालाघाटाच्या डोंगरपट्टीत पाऊस अपुरा, जमीन हलकी. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी या बाजूच्या खेड्यांत एका पिकावर वर्ष निघत नाही. उलट नगर जिल्ह्यात प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. १९३२ साली साखरधंद्याला संरक्षण मिळाल्यावर कारखाने वाढले, आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. सहकाराने ऊस पिकवणाऱ्याला कारखान्याचा मालक केले; हे मोठेच काम झाले. परंतु ऊस तोडणारा त्या सहकारात कोठेच बसला नाही. तो भागीदार नाही, आणि हजेरीपटावर नोकरही नाही. कारखान्याचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी आणि मुकादमाचा मजुराशी. तोही बहुधा तोंडी.

पावसाळ्यात घरात दाणा नसतो, पोरीचे लग्न असते, दवाखाना असतो. तेव्हा मुकादम उचल देतो. ती एका कोयत्याची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. भाषा पाहा: माणसाची मोजणी हत्याराने होते! मजुरी टनावर ठरते, जोडीची एकत्र ठरते आणि हिशेब नवऱ्याच्या नावाने होतो. पहाटेच्या अंधारात फडावर जाऊन ऊस तोडणारी, मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी, आणि कोपीवर येऊन पुन्हा चूल पेटवणारी बाई कोणत्याही कागदावर नसते.

आणि खाडा. एक दिवस फडावर गेले नाही, तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर मुकादम दंड लावतो. १८४७ ची दुहेरी कपात आणि आमच्याकडचा खाडा यांत मला नावापलीकडे फारसा फरक दिसत नाही. या खाड्याच्या धाकाने काय झाले ते साऱ्या देशाने २०१९ साली ऐकले. पाळीचे दुखणे, फडावर पाण्याची आणि आडोशाची वानवा, त्यात खासगी दवाखान्यांतून मिळणारा शस्त्रक्रियेचा सल्ला. यापायी ऐन तारुण्यात बायांनी गर्भाशये काढून टाकली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. मॉरिशसच्या मळेवाल्याने मजुराचा पगार कापला. येथे खाडा चुकवण्यासाठी बाईने स्वतःचे शरीर कापू दिले.

हंगामाअखेर पट्टा पडतो, हिशेब होतो. पुष्कळदा उचल फिटलेली नसते. बाकी पुढच्या सालावर जाते, आणि तिच्याबरोबर माणूसही जातो. तो मधेच निघून गेला तर त्याला शोधायला जीप येते, बैल नेले जातात, कधी माणूसच डांबून ठेवला जातो. अशी प्रकरणे घेऊन पोलीस ठाण्याच्या पायऱ्या मी पुष्कळदा चढलो आहे.

मग ऊसतोडीला गुलामगिरी म्हणायचे काय? येथे शब्द जपून वापरले पाहिजेत. गुलामाची विक्री होत होती, त्याचे मूलही धन्याचे होते. आजचा ऊसतोड कामगार मतदार आहे, नागरिक आहे. तो एक मुकादम सोडून दुसरा धरतो, मुकादमाला बुडवतोही. मुकादमाच्या डोक्यावरही ठेकेदाराचे आणि कारखान्याचे पैसे असतात, तोही सुखी असतोच असे नाही. कायदाही आज उलट्या बाजूला उभा आहे. १८५९ चा कायदा आगाऊ रक्कम घेणाऱ्याला तुरुंगात टाकत होता. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा अशा कर्जाने माणसाला बांधणाऱ्याला शिक्षा सांगतो. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तर किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असा निर्वाळा दिला. तेव्हा आपण १८३५ मध्ये उभे नाही, हे खरे. पण कायदा फडापर्यंत पोचत नाही, कारण फडावर मजुराचा धनी कोण हेच कोठे लिहिलेले नाही. मुकादम म्हणतो, मी कारखान्याचा माणूस. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. आणि दंड वसूल करताना मात्र दोघांनाही मजूर बरोबर सापडतो.

या बाबतीत मॉरिशसचा पुढचा इतिहास मार्गदर्शक आहे. तेथल्या सरकारने आपल्या सोयीसाठी का होईना, प्रत्येक मजुराची नोंद ठेवली: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, गाव, पुढे छायाचित्रही. धाकासाठी ठेवलेल्या त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत, आणि पणतू-खापरपणतू त्यांतून आपले गाव शोधतात. तेथल्या मजुरांनी १९३६ नंतर पक्ष आणि संघटना उभ्या केल्या. १९३७ साली मळ्यांवर संप झाले, गोळीबार झाले. १९३८ पासून संघटनांना कायद्याची मान्यता मिळू लागली. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांत अंजली कूपन ही गरोदर मजूर स्त्री मेली. तिच्या नावाचे क्रीडांगण आज त्या देशात आहे. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, बेडी तुटल्याचा दिवस आणि करार घेऊन आलेल्यांचा दिवस, हे दोन्ही तेथे राष्ट्रीय सुटीचे दिवस आहेत. गणेशचतुर्थीलाही सुटी असते. कोकणातून गेलेल्या त्या निशाणीवाल्यांची ती आठवण.

आपल्याकडेही काहीच झाले नाही असे नाही. संप झाले, दरवाढी मिळाल्या. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याण महामंडळ झाले, मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. पण दर वाढला तशी उचलही वाढली, आणि गाठ होती तेथेच राहिली. म्हणून माझे मागणे दरापलीकडचे आहे. प्रत्येक तोडणाऱ्याचे, बाईचेही, नाव कारखान्याच्या दप्तरी चढावे. उचलीचा आणि टनाचा कागद त्याच्या हाती असावा. बाईची मजुरी बाईच्या खात्यात जावी. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा धरू नये. हंगामाअखेर राहिलेली बाकी माणसाच्या पायात अडकवू नये. यांतली एकही गोष्ट आकाशातला चंद्र नाही. गिरणी कामगाराला त्याचे हजेरीकार्ड लढूनच मिळाले होते.

आपण शहरातली मंडळी. आपल्यापैकी कोणी वकील आहेत, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक, कोणी बँकेत. १८७१ साली नऊ हजार निरक्षर माणसांना अर्ज लिहून द्यायला एक लिहिता-वाचता माणूस पुढे आला होता. येत्या दसऱ्यानंतर आपल्या बसस्थानकासमोरून ट्रक आणि ट्रॅक्टर जातील. वर भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे आणि म्हाताऱ्यांना मागे सोडून निघालेली माणसे असतील. त्यांच्यातल्या एका टोळीची नावे तरी आपण लिहून घेऊ या: कोण, कोठला, कोणत्या कारखान्याला, किती उचल घेऊन. त्या यादीची एक प्रत आमच्या युनियनच्या कचेरीत द्यावी, एक कामगार खात्याकडे. कचेरी रोज संध्याकाळी उघडी असते.